मदत हवी आहे: थेट प्रक्षेपणातल्या आकड्यांवरून बूस्टरचं मंदन कसं काढायचं?

स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या थेट प्रक्षेपणात पहिल्या टप्प्याचा, म्हणजे बूस्टरचा, वेग आणि उंची पडद्यावर दिसते. ओसीआरने (चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते आकडे उचलून एंट्री बर्न (दाट हवेत शिरताना वेग कमी करायला इंजिनं पेटवणं) आणि लँडिंग बर्नच्या (उतरताना पुन्हा पेटवण्याच्या) वेळा काढायच्या आहेत. जड दळणवळण उपग्रह असला की बूस्टर मागे न वळता ड्रोनशिपवर (समुद्रातल्या मानवरहित तराफ्यावर) उतरतो, त्यामुळे बूस्टबॅक बर्नची (मागे वळण्यासाठी इंजिनं पेटवण्याची) भानगड नाही.

अडचण अशी, की वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि पूर्णांकात येतो. १ किमी/तास म्हणजे ०.२७८ मी/से. सेकंदाला ३० फ्रेम धरून लगतच्या दोन फ्रेमची वजाबाकी केली, तर एका अंकाच्या फरकानेच ८.३ मी/से² मंदन दिसतं, जवळजवळ १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाएवढं)! एका सेकंदाच्या अंतराने केली तर ही चूक ०.२८ वर येते, पण इंजिनं पेटल्याचा क्षण पुसट होतो. आकड्यांचा खडबडीतपणा घालवणाऱ्या सॅवित्झ्की-गोले फिल्टरची खिडकी (एका वेळी किती फ्रेम धरायच्या) तुम्ही किती ठेवता? (ओसीआर ८ चा ३ वाचतो, त्याला मीडियन फिल्टर पुरतो. ते सोडा.)

खरा घोळ पुढे आहे. गुरुत्वाचा वाटा उंचीच्या बदलावरून उतरणीचा कोन काढून वजा करता येतो. ड्रॅगचं (हवेच्या रोधाचं) काय? एंट्री बर्नमध्ये तीन मर्लिन इंजिनांचा झोत समोरची हवा बाजूला सारतो. मग तेवढ्या वेळापुरता ड्रॅग शून्य धरला तर चालेल का? बर्न संपताच हवा दाट होत जाते आणि नुसत्या ड्रॅगनेच मंदन पुन्हा चढतं. कोणी पायथॉनमध्ये हे वेगळं केलं असेल तर पद्धत सांगा.