‘नॉनशलंट’ला मराठीत ‘बेफिकीर’ म्हणावे का?

प्रश्न
इंग्लंडचे डावखुरे फलंदाज डेव्हिड गॉवर यांच्यावरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. १९७८ साली एजबॅस्टनला पाकिस्तानविरुद्ध कसोटी पदार्पण करताना त्यांनी पहिलाच चेंडू पुल करून चौकार वसूल केला, आणि त्या फटक्याला लेखकाने ‘नॉनशलंट’ (nonchalant) हे इंग्रजी विशेषण लावले आहे. शब्दकोशात ‘बेफिकीर’ असा अर्थ मिळतो. परंतु तो इथे योजला तर स्तुतीची निंदा होते असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. हा शब्द अठराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी ‘ऊब असणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद व त्याचा नकार आहे. इंग्रजीत तो बहुधा बाहेरून दिसणाऱ्या वागण्याबद्दल वापरतात. त्यामुळे मनात धाकधूक असूनही ज्याचा आवाज चढत नाही आणि चालण्याची लय बिघडत नाही, अशा माणसालाही तो लागू पडतो. ‘बेफिकीर’ मात्र ‘बेफिकीरपणे वाहन चालवले’ अशा वाक्यांमुळे थेट दोषारोपाकडे झुकतो. फटक्यासाठी ‘लीलया’ लिहावे.

प्रतिसाद २
‘लीलया’शी मी सहमत नाही, कारण त्यातून कौशल्य कळते, अलिप्तपणा कळत नाही. गॉवर यांचा हाच थाट चौकार गेला की डौलदार ठरे आणि यष्टीमागे झेल गेला की निष्काळजी. ही दोन्ही टोके पेलणारा शब्द हवा. तसा एक शब्द मराठीत मिळत नसेल, तर विशेषणाच्या जागी विशेषणच हवे हा आग्रह सोडून ‘जणू काही विशेष घडलेच नाही अशा थाटात’ असे सरळ लिहावे. अनुवादात दोन शब्द वाढले तरी चालतील, पण फलंदाजावर नसता ठपका येऊ नये.

प्रतिसाद ३
प्रतिसाद २ मधील सूचना मला पटते. ‘बिनधास्त’ मात्र टाळावे, कारण त्यात धास्ती नसण्यावर भर आहे, आणि इथे भीतीचा प्रश्नच नाही. लेखात पुढे ‘इन्सूसियंट’ (insouciant) हा जवळचा इंग्रजी शब्द आला, तर फ्रेंच ‘सूसी’ म्हणजे चिंता हे ध्यानात घेऊन ‘निश्चिंत’ लिहिता येईल. ‘ब्लाइद’ (blithe) या शब्दापाशी अधिक सावध राहावे: त्याचा मूळ अर्थ आनंदी असला, तरी आज धोक्याच्या इशाऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करणाऱ्यासाठी तो वारंवार वापरला जातो, आणि तिथे ‘बेफिकीर’ अगदी चपखल बसतो.