ड्रुइडांना यंत्रांचं वावडं नेमकं कशासाठी? कॅम्पेनसाठी मदत हवीय

रानपाखरू:
मंडळी, मी एक होमब्रू (स्वतः रचलेली) कॅम्पेन चालवतेय, डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डी अँड डी या टेबलावर गोष्ट रचत खेळायच्या खेळाची पाचवी एडिशन, आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. जंगलाच्या कडेला नोम (बुटक्या, हुन्नरी) लोकांचं गाव आहे, नदीवर बंधारा घालून त्यांनी पाणचक्की बसवलीये आणि तिच्यावर भट्टीचा भाता आणि मोठा घण चालतो, म्हणजे गावाचं सगळं पोट त्या चाकावर. आत जंगलात ड्रुइडांचं, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्यांचं, सर्कल (मंडळ). पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, एक जण ड्रुइड खेळतो, एक जण आर्टिफिसर (यंत्रं आणि जादूच्या वस्तू बनवणारा), दोघंही जीव ओतून खेळतात. मागच्या सेशनला सर्कलची म्हातारी म्हणाली चक्की पाडा, तर आर्टिफिसरने शांतपणे विचारलं, आजी, तुमच्या कमरेचा विळा कुठल्या झाडाला लागला होता? प्रश्न इतका नेमका होता की सेशन तिथेच थांबवलं, कारण याचं उत्तर नीट विचार करूनच द्यायचंय.

मला "निसर्ग चांगला, यंत्र वाईट" एवढंच नकोय. या फॅक्शनची (गटाची) स्वतःची एक विचारसरणी हवी, जिच्यातून ते विळा ठेवतात पण चक्की नाकारतात हे समजेल, आणि पटलं नाही तरी कुणाला वेडगळ वाटणार नाही. तयार सेटिंग्जमध्ये (आधीच रचलेल्या जगांत) हे कसं हाताळलंय? तुम्ही स्वतः काय करता?

विळाकोयता:
आर्टिफिसरचा प्रश्न रास्त आहे आणि गंमत म्हणजे रूल्समध्येही तो कायम अर्धवटच सुटलाय. 2000 च्या तिसऱ्या एडिशनमध्ये ड्रुइडने धातूचं चिलखत घातलं तर ते अंगावर असेपर्यंत आणि काढल्यावर वर 24 तास स्पेल (मंत्र) बंद. 2014 च्या पाचव्या एडिशनमध्ये नुसतं लिहिलं की ड्रुइड धातूचं चिलखत किंवा ढाल वापरणार नाहीत, शिक्षा काहीच नाही. 2024 च्या पुस्तकात ती ओळच गेली. आणि 2014 च्या यादीत त्यांना विळा, सिमिटर (वाकडी तलवार), डॅगर चालतातच, म्हणजे धातू विटाळ आहे असा अर्थ लावायला जागाच नाही. मी ते व्रत म्हणून खेळवतो. अंगावर लोखंडाचं कवच चढवलं की पाऊस, काटा, थंडी यातलं काही लागत नाही, आणि ज्याला काही लागत नाही त्याला जंगल काय सांगणार. विळा हातात असतो, तो काही अडवत नाही.

आता विळा आला कुठून? इथे एक खरीखुरी गोष्ट वापर, दलदलीतलं लोखंड. जमिनीतल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, ते पाणथळ जागी वर आलं, हवा लागली की गंजासारखं साचतं, त्यात बॅक्टेरियांचाही हात असतो, आणि गवताच्या थराखाली त्याचे गोळे तयार होतात. युरोपात शतकानुशतकं लोकांनी हेच काढून भट्टीत गाळलंय. यातली खरी मौज ही की एकदा काढलं की साधारण पिढीभरात, वीसेक वर्षांत, पुन्हा काढण्याइतकं साठू शकतं. म्हणजे लोखंड, पण पुन्हा येणारं! तुझ्या सर्कलचा नियम तयार, जे पुन्हा येतं ते घ्या, येईल तितकंच घ्या.

आणि जागा ओळखायची खूण तर सेशनमध्ये दाखवण्यासारखी आहे. अशा पाण्यावर तेलासारखा सप्तरंगी पापुद्रा असतो, तेल सांडलंय असंच वाटतं. पण काडीने ढोसलं की तेल फिरून एकत्र येतं, आणि हा पापुद्रा तडकून त्याचे तुकडे तुकडे होतात आणि तसेच तरंगत राहतात. म्हातारी पार्टीला डबक्याशी घेऊन जाते, आर्टिफिसरच्या हातात काडी देते आणि म्हणते, ढोस. बस, तिला भाषण द्यायची गरज नाही, विळ्याचं उत्तर त्याला त्या डबक्यात मिळेल.

सोनसळी:
वा, ते काडीचं भारीच! पण लोखंड नुसतं सापडून होत नाही ना, गाळायला कोळसा लागतो, आणि खरा घास जंगलाचा तिथे जातो. लाकडी कोळशासाठी झाडं लागतात आणि तीही ढिगाने.

विळाकोयता:
@सोनसळी बरोबर, आणि मला वाटतं भांडण लोखंडाचं नसून कोळशाचंच दाखवावं. पण तिथेही दोन रीती आहेत. हेझेल, चेस्टनट, ओक अशी झाडं बुंध्याशी छाटली की त्याच खोडाला फुटवे येतात, दहा-वीस वर्षांनी पुन्हा छाटायची, असं एकच रान शेकडो वर्षं तोडत आणि जगवत नेता येतं. भट्टीवाल्यांना पुढच्या वर्षीही कोळसा हवाच असतो त्यामुळे कित्येकदा तेच असं रान राखायचे. रान कायमचं जातं ते बहुतेक वेळा नांगर फिरला की. म्हणजे सर्कलमधला एखादा तरुण ड्रुइड म्हणू शकतो की भट्टीवाले परवडले, तो गव्हाचा शेतकरी आपला खरा शत्रू, आणि म्हातारीला हे अजिबात पटणार नाही.

उद्या नोमांना दगडी कोळसा सापडला तर काय हाही विचार करून ठेव. आपल्या जगात 1709 मध्ये इंग्लंडात कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाच्या जागी कोक (भाजलेला दगडी कोळसा) वापरून लोखंड गाळलं. तुझ्या जगात तसं झालं तर झाडं वाचली म्हणून अर्धं सर्कल खूश होईल आणि डोंगर पोखरला म्हणून अर्धं चवताळेल. यंत्र तेच, पण सर्कल दुभंगतं.

गडकिल्ल्यातला_गॉब्लिन:
एबेरॉन वाचलंयस का? डी अँड डीचीच 2004 ची सेटिंग, कीथ बेकरची. तुझ्या प्रश्नासाठी याहून चांगलं मला तरी माहीत नाही. तिथे लायटनिंग रेल नावाची रेल्वे आहे, उडती जहाजं आहेत आणि दोन्ही चालतात कशावर, तर बांधून घातलेल्या एलिमेंटल्सवर (अग्नी, वारा अशा तत्त्वांच्या जीवांवर)! आणि तिथल्या एल्डीन रीचेस या प्रदेशात ड्रुइडांचे एक नाही पाच पंथ आहेत, ते आपसातच सहमत नाहीत. ॲशबाउंड पंथाचा सगळा राग आर्केन (विझर्ड लोकांच्या, अभ्यासाने केलेल्या) जादूवर, विझर्ड निसर्गाचा नियम मोडतो असं त्यांचं म्हणणं, आणि एलिमेंटलला कोंडणं तर त्यांना गुलामगिरीच वाटते. चिल्ड्रेन ऑफ विंटर मरण, कुजणं, रोगराई यालाच निसर्ग मानतात, म्हणजे तुझ्या गावात औषध बनवणारा आर्टिफिसर असला तर यांना चक्कीपेक्षा तो जास्त खटकेल. गेटकीपर्सना यंत्राबिंत्राशी काही देणंघेणं नाही, त्यांचं लक्ष पलीकडच्या जगातून येणाऱ्या विकृत प्राण्यांवर. ग्रीनसिंगर्स फे (परी) लोकांच्या नादात. आणि सगळ्यात मोठा पंथ वॉर्डन्स ऑफ द वूड, त्यांचा पुढारी ओआलियन, जो स्वतः एक जागा झालेला प्रचंड पाइन वृक्ष आहे, आणि हे लोक शेतकऱ्यांशी जुळवून घेऊन राहतात. तिथलं महायुद्ध चालू असताना शेतकऱ्यांना राजसत्तेने वाऱ्यावर सोडलं आणि ड्रुइडांनी सांभाळलं, म्हणून त्यांनी आपलं राज्यच वेगळं केलं.

सांगायचं काय, तर "ड्रुइडांना काय वाटतं" असा एक प्रश्न विचारूच नकोस. म्हातारीला काय वाटतं, तिच्या शिष्याला काय वाटतं, असं विचार.

काजवा7:
मी जरा उलट बाजूने बोलतो. यंत्र निसर्गाविरुद्ध आहे हे गृहीतच का धरायचं? 2001 चा आर्केनम नावाचा कॉम्प्युटर गेम खेळला असशील तर त्यात पूर्ण उलटं आहे. तंत्रज्ञान निसर्गाचे नियम पाळून चालतं आणि जादू ते नियम वाकवते, म्हणून दोन्ही एका जागी टिकत नाहीत, मोठ्या जादूगाराला आगगाडीत बसायलाही आडकाठी करतात कारण त्याच्यामुळे इंजिन बिघडेल. या हिशोबाने बघितलं तर पाणचक्की ही पूर्ण नैसर्गिक वस्तू आहे, पाणी खाली येतंय आणि चाक फिरतंय, आणि भर उन्हाळ्यात आकाशातून वीज पाडणारी तुझी म्हातारी निसर्गाला जास्त पिळतेय! आर्टिफिसर पुढच्या वेळी हेच विचारणार, तयारी ठेव.

दुसरं, वेअरवुल्फ द अपोकॅलिप्स, 1992 चा रोलप्लेइंग गेम. त्यात तीन शक्ती आहेत. वाइल्ड म्हणजे मोकळी निर्मिती, वीव्हर म्हणजे रचना, जाळं, यंत्र, शहर, आणि वर्म म्हणजे नाश. वीव्हर मुळात दुष्ट नाही, तिची जागा आहे जगात, पण तिने वर्मला जाळ्यात अडकवलं आणि तो तिथे पिसाळला, सगळा बिघाड तिथून सुरू. आणि गारू म्हणजे त्यातल्या लांडगा-माणसांमध्येसुद्धा ग्लास वॉकर्स शहरात राहून यंत्रं वापरतात तर रेड टॅलन्सना माणूसच नकोय. मला यातला विचार फार आवडतो, रचना हवीच पण तिने मोडण्याला जागा ठेवली पाहिजे. जे यंत्र कधी थांबतच नाही, कुजतच नाही, त्याला ड्रुइडाचा आक्षेप असेल, आणि तो आक्षेप मला स्वतःला पटतो.

सोनसळी:
वॉरक्राफ्ट 3 या कॉम्प्युटर गेममधल्या नाइट एल्फांचंही बघ. त्यांचे विस्प (प्रकाशाच्या गोळ्यांसारखे कामकरी) झाडाला लगटून लाकूड गोळा करतात पण झाड तुटत नाही, बऱ्याच इमारतीच जिवंत झाडं, मुळं उपटून चालायला लागतात. आणि तरी त्यांच्याकडे ग्लेव्ह थ्रोअर आहे, म्हणजे चाकांवरचं चक्क वेढ्याचं यंत्र! त्यांना यंत्र नको असं नाहीच, ऑर्कांनी त्यांच्या ॲशेनव्हेल जंगलात सरसकट कुऱ्हाड चालवली तेव्हा त्या रानाचा रक्षक अर्धदेव सिनेरियस उठला.

रानपाखरू:
किती सुंदर उत्तरं दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. डबकं आणि काडी नक्की वापरणार, आणि सर्कलमध्ये दोन-तीन मतं ठेवणार हे ठरलं. पण चक्कीचं काय? पुन्हा येतं ते घ्या हा नियम लावला तर पाणी तर रोजच येतं, मग म्हातारीचा विरोध उभा कशावर?

उलटा_प्रवाह:
माशांवर! ताई, विरोध चाकाला नाही, बंधाऱ्याला ठेव. सॅमनसारखे मासे समुद्रात मोठे होतात आणि अंडी घालायला आपण जन्मलो त्याच ओढ्यात परत येतात, मध्ये भिंत आली की तिथेच आपटत राहतात. आणि तेवढंच नाही, वर येणारे मासे म्हणजे समुद्रातलं खत डोंगरात येणं, अस्वलं ते पकडून झाडीत नेतात, अर्धवट खाऊन टाकतात आणि काठची झाडं त्यावर पोसतात. त्यामुळे म्हातारी म्हणते की वरचं रान वाळतंय, गावाला वाटतं ही काय बडबड, चक्की खाली आणि रान वर, संबंध काय. हा संबंध पार्टीने शोधून काढणं हीच तुझी क्वेस्ट. बंधाऱ्यामागे गाळ साठतो, साचलेलं पाणी तापतं, खाली वाळू-खडी पोचत नाही, हे सगळे पुरावे त्यांना वाटेत सापडू देत. शिवाय स्पीक विथ ॲनिमल्स (प्राण्यांशी बोलायचं स्पेल) पहिल्या लेव्हलचं आहे, रिच्युअलने (विधी म्हणून) पण होतं, ड्रुइडाने भिंतीखाली थांबलेल्या माशालाच विचारावं. मासा फार काही बोलणार नाही, "वर" एवढंच म्हणेल, पण टेबलावर तेवढं पुरतं.

आणि मग सोडवायचं काम आर्टिफिसरकडे जाऊ दे. माशांसाठी कडेने पायऱ्या-पायऱ्यांचा उतार बांधता येतो, एकेका कुंडातून उडी मारत ते चढतात, हंगामात दरवाजे उघडे ठेवता येतात, किंवा भिंतच काढून वरून नुसता पाट काढून चाकावर पाणी आणता येतं, चाक जरा हळू फिरेल. प्रत्येकात गावाचं काही ना काही जाणार, नेमकं काय जाणार ते आधी ठरवून ठेव, नाहीतर सगळं फुकटात सुटतं आणि म्हातारीचा राग पोकळ ठरतो.

विळाकोयता:
@उलटा_प्रवाह जबरदस्त. यात एक भर, सर्कलनेही काहीतरी द्यायला हवं. प्लांट ग्रोथ स्पेल बघ, तिसऱ्या लेव्हलचं. आठ तास लावून केलं तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येत वर्षभर दुप्पट अन्न पिकतं. दुप्पट! म्हणजे एक ड्रुइड गावाला नवीन शेत तोडण्यापासून वाचवू शकतो. करार असा की आम्ही दरवर्षी येऊन हे करू, तुम्ही रानाची हद्द ओलांडायची नाही आणि हंगामात चाक बंद.

काजवा7:
पण मग गाव दुप्पट वाढेल की. पोटभर मिळालं की माणसं येतात, दहा वर्षांत तीच हद्द पुन्हा अपुरी पडणार. आणि ज्या वर्षी ड्रुइड आला नाही त्या वर्षी उपासमार, म्हणजे गाव सर्कलच्या मुठीत गेलं. नोम हे ओळखणार नाहीत का? त्यांच्या बाजूने बघितलं तर चक्की त्यांची स्वतःची आहे, तिला कुणाची मर्जी लागत नाही, आणि म्हणून ते तिला इतके चिकटून आहेत. मला तर वाटतं नोमांचा सरपंच हेच स्पष्ट बोलून दाखवेल.

रानपाखरू:
@काजवा7 हे फारच महत्त्वाचं बोललास, आता मला दोन्ही बाजूंचं पोटतिडकीने बोलता येईल. पुढच्या सेशनची सुरुवात म्हातारीच्या डबक्यापासून करते, मग बंधाऱ्याखाली मासे, आणि कराराची गोष्ट सर्कलच्या तरुण ड्रुइडाच्या तोंडून, म्हातारीच्या पाठीमागे. सरपंच तो करार नाकारणार हे आत्ताच ठरवून टाकते.

उलटा_प्रवाह:
सरपंचाने नाकारलं तर निदान एका हंगामापुरते दरवाजे उघडे ठेवायची तडजोड हाताशी ठेव, पार्टीला काहीतरी मिळवता आलं पाहिजे. आणि ड्रुइड-आर्टिफिसर दोघांनाही त्या उताराच्या बांधकामात रोल दे, एकाने दगड रचायचे आणि दुसऱ्याने पाण्यात उतरून, माशाचं रूप घेऊन, उडी जमतेय का ते बघायचं. 2014 च्या रूल्सने चौथ्या लेव्हलला वाइल्ड शेपमध्ये (ड्रुइडाच्या प्राणी होण्याच्या शक्तीत) पोहणारं रूप मिळतं, त्यांची लेव्हल तेवढी झाली असेल तर उत्तमच.