टॅपिंगने मन खरोखर शांत होते का?

मोगरा :
मागच्या वर्षी श्रावणात रात्री अडीच वाजता फोन वाजला आणि वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्याचे कळले. वडील आता बरे आहेत. परंतु रात्री कुणाचाही फोन वाजला की माझ्या छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम फुटतो आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी तीन महिन्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत टॅपिंगची कार्यशाळा झाली. तळहाताच्या कडेवर बोटांनी थोपटत ‘मला ही भीती वाटत असली, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते’ असे तीनदा म्हणायचे आणि मग भुवईचा कोपरा, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचे हाड, काखेखाली आणि टाळू असे क्रमाने थोपटत जायचे. मला त्या दिवशी खरेच हलके वाटले. परंतु शिकवणाऱ्या बाईंनी, ऊर्जावाहिन्या मोकळ्या झाल्या की गोळ्यांची गरज उरत नाही, असेही सांगितले. याला शास्त्रीय आधार कितपत आहे?

वाटसरू :
ताई, सर्वांत आधी गोळ्यांविषयी. त्या कार्यशाळेतील कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मनाच्या आजारावरील अनेक गोळ्या एकाएकी थांबवल्या तर त्रास उलट वाढतो आणि त्या कमी करायच्याच असतील, तर तुमचे डॉक्टरच टप्प्याटप्प्याने करतील. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो आणि ही चूक मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिली आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहीत आहे.

आता टॅपिंगविषयी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहान यांनी १९८० च्या सुमारास पाण्याला घाबरणाऱ्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्याखाली थोपटून या पद्धतीची सुरुवात केली. त्यांच्याकडे प्रत्येक त्रासासाठी बिंदूंचा वेगळा क्रम असे. त्यांचे शिष्य गॅरी क्रेग हे शिक्षणाने अभियंता. त्यांनी १९९० च्या दशकात सर्व त्रासांसाठी एकच क्रम ठरवला आणि तीच ‘ईएफटी’, म्हणजे ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक्स’. बिंदू चिनी अ‍ॅक्युपंक्चरमधून घेतलेले आहेत. मात्र ज्या ऊर्जावाहिन्यांचा दाखला दिला जातो, त्या शरीरशास्त्राला आजवर आढळलेल्या नाहीत.

सांजवात :
वाटसरू यांच्या म्हणण्याला संशोधनाची जोड देते. या पद्धतीचे पुरस्कर्ते डॉसन चर्च यांनी २०१२ साली ८३ जणांवर केलेल्या प्रयोगात, एक तासाच्या टॅपिंगनंतर लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, सुमारे २४ टक्के घटले. केवळ बोलून उपचार घेतलेल्यांत आणि नुसती विश्रांती घेतलेल्यांत ते सुमारे १४ टक्केच घटले. म्हणजे हलके वाटणे हा तुमच्या मनाचा भास नव्हे.

परंतु २००३ साली वेट आणि होल्डर यांनी ११९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एका गटाने नेमलेल्या बिंदूंवर थोपटले, दुसऱ्याने भलत्याच जागी थोपटले आणि तिसऱ्याने चक्क एका बाहुलीवर थोपटले. तिन्ही गटांची भीती जवळजवळ सारखीच उतरली. ज्यांनी थोपटलेच नाही, त्यांची उतरली नाही. माझ्या मते काम बिंदू करत नाहीत. भीतीचे नाव घेऊन, तिच्यापासून पळ न काढता, हातांना एका संथ लयीत गुंतवून काही काळ तिच्यासमोर बसणे, हे ते काम करते. आपल्याकडे रडणाऱ्या बाळाला थोपटून निजवताना कुणी बिंदू मोजत बसत नाही.

कार्यशाळेतले ‘मी स्वतःला मनापासून स्वीकारते’ हे वाक्य मराठीत अवघडल्यासारखे वाटत असेल, तर ‘फोन वाजला की मला भीती वाटते, आणि ते साहजिक आहे’ एवढे म्हटले तरी पुरे. थोपटण्याआधी आणि नंतर भीतीला ० ते १० मध्ये गुण द्या आणि वहीत लिहून ठेवा. थोपटल्यावरही गुण चढतच राहिले, छाती आवळून आली किंवा ती रात्र डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली, तर तेथेच थांबा. अशा आठवणींवर एकटीने काम करू नये. डॉक्टरांची भेट लवकर मिळत नसेल, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

वाटसरू :
एक भर घालतो. तुमची भीती फोनच्या आवाजाला चिकटलेली आहे. तेव्हा दिवसाउजेडी, घरात कुणी सोबत असताना, तोच रिंगटोन अगदी हळू आवाजात वाजवून ऐकण्याचा सराव करता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. थोपटल्याने तो आवाज सहन करणे सोपे जात असेल, तर खुशाल थोपटा.

मोगरा :
आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री सव्वाअकराला शेजारच्या काकूंचा फोन आला. धडधडले; वहीत ८ लिहिले, दहा मिनिटे गळ्याखालच्या हाडावर थोपटत बसले आणि नंतर ५ लिहिले. गोळी वेळेवर घेतली आहे. गुरुवारी डॉक्टरांची भेट ठरली आहे. रिंगटोनचा मुद्दा त्याच वहीत वर लिहून ठेवला आहे.