विमान रद्द केलं तर कंपनीनं कारण लेखी द्यायला नको का?

टिळकवाडीकर
गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या सांबरा विमानतळावरून संध्याकाळचं मुंबईचं विमान रद्द झालं. बोर्डिंग पास हातात, बॅगा आत गेलेल्या, आणि मग काउंटरवरून निरोप आला, ‘ऑपरेशनल रीझन’. बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत डॉक्टरांनी वेळ दिली होती. मी एवढंच म्हटलं, हे कारण कागदावर लिहून, शिक्का मारून द्या. काउंटरवरची मुलगी इकडं फोन लाव, तिकडं फोन लाव करत राहिली. कागद मिळाला नाही. शेवटी रात्रीची गाडी ठरवून बाबांना घेऊन गेलो.

आता डीजीसीएचा, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम बघा. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर तिकिटाच्या पैशांशिवाय भरपाई द्यायची असते. एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून लांबच्या प्रवासाला 10,000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती. पण हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), सुरक्षेचा धोका असं कारण असेल तर भरपाई नाही. म्हणजे सगळं कारणावर अडलेलं, आणि कारण काय ते एकटी कंपनीच सांगणार! लेखी कारण हा प्रवाशाचा हक्कच पाहिजे.

खानापूरकर
दादा, बाबांचे हाल झाले हे वाईटच. तरी मी विरोधात लिहितो. बेळगावला एका मार्गावर विमानं मोजकीच. एकच विमान सकाळपासून गावोगाव फिरत असतं. सकाळी कुठं तरी तासभर अडकलं की संध्याकाळी सांबऱ्यात बोंब. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी उडान योजनेचं अनुदान एका मार्गाला तीन वर्षंच मिळतं. त्यानंतर आपल्या जिवावर चालवणाऱ्या कंपनीमागं कागद आणि दंड लावले की ती मार्गच बंद करेल. मग हुबळी नाहीतर गोवा गाठायचं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. 22 मे 2010 ला मंगळूरला विमान अपघातात 158 माणसं गेली. सहवैमानिक ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या, म्हणत असताना कॅप्टननं उतरणं सोडलं नाही, हे चौकशीत निघालं. वैमानिकाच्या डोक्यावर आणखी कसला दबाव नको. जुलैतल्या पावसात उतरायचं की परत फिरायचं हे ठरवताना भरपाईचा आकडा त्याच्या मनात येता कामा नये.

टिळकवाडीकर
हवामानाला दंड लावा असं मी कुठं म्हटलं? पावसामुळं परत फिरलेल्या वैमानिकाचे मी पाय धरीन. ‘पाऊस होता’ एवढं लिहून द्यायला कुणाची हरकत असावी? पाऊस नसताना पावसाचं नाव पुढं केलं तरच अडचण येते.

2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. गाडी जम्मूला चार तास उशिरा पोचली, प्रवाशाचं श्रीनगरचं विमान चुकलं. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनंच सिद्ध करायला हवं होतं, असं म्हणत कोर्टानं भरपाई कायम ठेवली. रेल्वेला जे लागू, ते विमान कंपनीला का नको?

निपाणीची वाचक
खानापूरकर, सुरक्षितता एका बाजूला आणि प्रवाशाचा हक्क दुसऱ्या बाजूला, ही मांडणीच मला पटत नाही. डिसेंबर 2025 आठवा. डीजीसीएनं नव्या नियमांत वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरी इंडिगोची माणसं पुरली नाहीत आणि देशभर विमानं रद्द झाली. शेवटी काय झालं? कंपनीला नियमातून तात्पुरती सूट मिळाली. विश्रांती वैमानिकाची गेली आणि रात्री विमानतळावर लोकांनी काढल्या. विमान रद्द करणं कंपनीला स्वस्त पडतं म्हणूनच जादा माणसं ठेवली जात नाहीत. ते महाग करा, म्हणजे वैमानिकालाही झोप मिळेल.

खानापूरकर
ताई, मोठ्या कंपनीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मान्य करतो. पण तोच कायदा दोन-चार विमानं असलेल्या कंपनीला लावला तर ती मोडेल आणि मोठीच उरेल. आणि दादा, कागद मिळाला तरी पुढं काय? पाच हजारांसाठी कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?

वडगावचा वकील
फेऱ्यांचं सांगतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथंच तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर मुंबईला, खटला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ऑनलाइन जातो. त्याआधी विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. दोन्हीकडच्या तक्रारींचे नंबर जपून ठेवा.

खरी मेख त्या ‘जी रक्कम कमी असेल ती’मध्ये आहे. तिकिटाचं मूळ भाडं दोन हजार असेल तर इंधन आकार धरूनही भरपाई त्याच्याच आसपास. तेवढ्यात बेळगाव–गोवा टॅक्सीसुद्धा येत नाही. छोट्या गावांतल्या, स्वस्त तिकिटाच्या प्रवाशालाच हा नियम सर्वांत कमी देतो. बदल मागायचाच तर आधी हा मागा.

निपाणीची वाचक
आणखी एक, आमच्याकडं हे सर्रास होतं. एजंट तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो. कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. आणि बुकिंग करताना संपर्काची नीट माहिती न देणाऱ्याला भरपाई नाही, हेही त्याच नियमात आहे. वयस्कर माणसं यात फार अडकतात.

टिळकवाडीकर
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांचं परतीचं तिकीट आता काढून बघितलं, त्यावर एजंटाचाच नंबर आहे. उद्या दुकान उघडलं की बदलून घेतो. खानापूरकर, छोट्या कंपनीला भरपाईत सवलत द्या म्हणाल तर त्यावर बोलू. कागदाचं मात्र मी सोडणार नाही, दोन ओळी लिहून द्यायला कुणाचं दिवाळं निघत नाही.

खानापूरकर
कागदाला माझी ना नाही. पण तो कंपनीच्या मुख्य ऑफिसनं मेलवर पाठवावा. काउंटरवरच्या पोरांना धरू नका, त्यांना खरं कारण कुणी सांगितलेलंच नसतं.