'ओपन सीट'ला खुली जागा म्हणावं का?

एडिसनकर: मंडळाच्या अंकासाठी न्यू जर्सीच्या २०२५ च्या निवडणुकीवर दोन पानं लिहितोय. फिल मर्फींच्या लागोपाठ दोन टर्म झाल्या, लगेच तिसरी घेता येत नाही. म्हणून लढत मिकी शेरिल आणि जॅक चिटरेली यांच्यात झाली. इथे याला 'ओपन सीट' म्हणतात. मी 'गव्हर्नरपदाची खुली जागा' लिहिलं, तर साताऱ्याहून आईचा फोन, "अरे, तिकडेपण आरक्षण आलं का?"

बांधावरचा_भाऊ: आईंचं बरोबर आहे. सोडत निघाली की पारावर पहिला प्रश्न हाच: "सरपंचपद कुणाला सुटलं?" "ओपनला!" खुली म्हटल्यावर आमच्या डोक्यात दुसरं येतच नाही.

शुद्धमती: 'रिक्त जागा' लिहा. रिच् धातू. रिता, रिकामा, सगळी एकाच घरातली भावंडं.

रानवारा: रिक्त कसं? रिक्त म्हणजे आमदार वारला नाहीतर राजीनामा दिला, मग पोटनिवडणूक. मर्फी तर २०२६ च्या जानेवारीपर्यंत खुर्चीत होते. 'मावळते गव्हर्नर रिंगणात नाहीत' असं सरळ लिहा की. एका शब्दाचा हट्ट कशाला?

शुद्धमती: आणि 'गव्हर्नर' तरी का? राज्यपाल आहे ना!

बांधावरचा_भाऊ: ताई, राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात, त्याला कोण मत देतंय? तिकडचा गव्हर्नर कामाने आपला मुख्यमंत्री. 'राज्यपालांचा प्रचार शिगेला' असं वाचलं तर चहा सांडेल.

शुद्धमती: सावरकरांनी 'महापौर' दिला नसता तर आजही मेयरच म्हणत बसलो असतो.

रानवारा: महापौर रुळला, कारण तो तोंडात बसतो. 'पदस्थविरहित' बसवून दाखवा.

रिचमंडची_सून: आमच्या व्हर्जिनियात लागोपाठ दुसरी टर्म मुळीच नाही. यंकिन गेले, स्पॅनबर्गर आल्या. म्हणजे दर वेळी ओपनच! मध्ये खंड पडला की परत उभं राहता येतं. मिल्स गॉडविन एकदा डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, १९७३ मध्ये रिपब्लिकन म्हणून.

बांधावरचा_भाऊ: हे गॉडविन आमच्या तालुक्यातले तर नव्हेत ना?

रानवारा: आजोबा गव्हर्नरला 'लाटसाहेब' म्हणायचे. लॉर्डचं लाट.

शुद्धमती: लाट हा दक्षिण गुजरातचा प्राचीन प्रांत. मुळात तिथूनच आला असणार.

रानवारा: साहेबही तिथूनच आला का मग?

एडिसनकर: अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय. माझ्या जागेचं काय?

रिचमंडची_सून: भाऊ, 'ओपनला सुटलं' नाही हो. माझ्या माहेरी 'ओपन पडलं' म्हणतात.

बांधावरचा_भाऊ: पडायला ते काय पत्र्याचं छप्पर आहे? सुटलंच. माहेर कुठलं तुमचं?