मदत हवी आहे : मामांच्या कोळंबीचे नमुने नागपुरात कुठे तपासू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय. मामांचा पालघरला व्हेनामी कोळंबीचा तलाव आहे. बीज सोडून 25 दिवस झालेत आणि रोज मर दिसतेय. आतडं रिकामं, हेपॅटोपॅन्क्रियाज (कोळंबीची पचनग्रंथी) फिकट. एका लॅबने टीसीबीएसवर (व्हिब्रिओ जिवाणू वाढवायचं माध्यम) हिरव्या वसाहती पाहून व्हिब्रिओ सांगितलं, आणि मामा अँटिबायोटिक टाकायला निघालेत. पण व्हिब्रिओ तर निरोगी तलावातही असतात! ईएमएसचं (कोळंबीची लवकर मर होण्याचा रोग) विष बनवणारी पिर-ए, पिर-बी जनुकं प्लाझ्मिडवर (जिवाणूतलं वेगळं डीएनएचं कडं) असतात, ती नुसत्या रंगावरून कशी कळणार? नागपुरात हा पीसीआर (ती जनुकं शोधायची चाचणी), जमलंच तर आतड्यातल्या जिवाणूंचं 16एस सिक्वेन्सिंग (कोणते जिवाणू आहेत ते डीएनएवरून ओळखणं), कोण करून देईल? नमुने अल्कोहोलमध्ये आणू की बर्फात? मामांची झोप उडालीय, माहीत असेल त्यांनी कृपया आजच सांगा.