मदत हवी आहे: प्लीएडियन्सचा 'आय.एफ.ओ.' (१९९७) वीस जणांना ऐकवायचाय, पण खोलीत नुसता गोंगाट होतोय

रंकाळा_वारा

नमस्कार मंडळी. आकाशदर्शनाच्या आमच्या गटाची बैठक जानेवारीच्या मध्यात आहे, कोल्हापुरात शाहूपुरीत. विषय कृत्तिका. आधी तासभर संगीत, मग गच्चीवर दुर्बिणी. संगीतासाठी प्लीएडियन्सचा 'आय.एफ.ओ.' हा गोवा ट्रान्सचा (गोव्याच्या पार्ट्यांतून आलेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत) अल्बम मनात आहे. प्लीएडीज म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि ट्रॅकची नावंही त्याच पुंजातल्या ताऱ्यांची: अल्सायोनी, माइया, इलेक्ट्रा, टायगेटा. याहून जवळचं काही सापडणार नाही.

येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गोवा ट्रान्स कधी ऐकलेलं नाही. हॉल २० बाय १२ फूट, उंची १०. खाली फरशी, भिंती गुळगुळीत, खिडकीला पडदा नाही. १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर आहेत. एक कोपऱ्यात, दुसरा दाराच्या अलीकडे, कारण दार अडतं. रिकाम्या हॉलमध्ये मोबाइलवरून ब्लूटूथने लावून बघितलं. किक (ढोलासारखा मूळ ठोका) कुठली नि बेस कुठला कळत नाही. भिंतीला टेकून बसलं की घुमतं, मधोमध बसलं की बेस पातळ होतो. जुनी सीडी मिळाली आहे, पण ती एका जागी अडकते.

तुमची मतं हवीत. नवख्यांना हा अल्बम सलग झेपेल का? की दोन-तीनच ट्रॅक निवडावेत? आणि हॉलचं काय करू?

तीनशेतीन

पहिल्यांदा अल्बमबद्दल. प्लीएडियन्स म्हणजे इटलीच्या एटनिका या गटाचीच मंडळी, वेगळ्या नावाने. 'आय.एफ.ओ.' ड्रॅगनफ्लाय या रेकॉर्ड कंपनीने १९९७ साली काढला, म्हणजे गोवा ट्रान्स पूर्ण भरात होतं तेव्हा. त्या काळातल्या अल्बमांत इतकं दाट विणलेलं काम फार थोडं आहे. एका वेळी तीन-चार आम्लधारी ('ॲसिड' म्हणतात त्या चिरक्या) सुरावटी धावत असतात आणि प्रत्येकीचा फिल्टर (आवाज उजळ-मंद करणारी सोय) वेगळ्या वेगाने उघडतो-मिटतो. गोंगाट वाटतो तो यामुळेच. नीट ऐकू आलं तर तेच त्याचं सौंदर्य आहे.

हा चिरका, पाण्यासारखा वळणारा आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. ते यंत्र १९८१ च्या सुमारास आलं आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. गिटारवाल्याला बेसची साथ द्यावी एवढाच त्याचा मूळ हेतू. त्यात १६ पायऱ्यांचा नमुना भरायचा, हव्या त्या पायरीला जोर द्यायचा आणि हव्या त्या दोन सुरांत घसरण ठेवायची. ती घसरण कानाला लागली की बाकीचं आपोआप सुटं व्हायला लागतं.

नवख्यांना ऐकवताना एक आकडा हाताशी ठेवा. वेग मिनिटाला १४५ ठोक्यांच्या आसपास धरला तर एक ठोका ४१४ मिलिसेकंदांचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन १.६६ सेकंदांचं. या संगीतात बदल बहुतेक आठ किंवा सोळा आवर्तनांनी होतात, म्हणजे साधारण १३ किंवा २६ सेकंदांनी. लोकांना आधीच सांगा: दर २६ सेकंदांनी काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं, ते काय ते पकडा. एवढं सांगितलं की 'सगळं एकसारखंच वाजतंय' ही तक्रार निम्म्याने कमी होते.

भिंतीचा_घुमार

हॉलचं मी सांगतो. दोष अल्बमचा नाही, मापांचा आणि स्पीकरच्या जागेचा आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकतो आणि घुमत राहतो. तो काढायला ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागा, अंतर मीटरमध्ये. १२ फुटाला ४७ हर्ट्झ येतो. १० फूट उंचीला ५६. २० फुटाला २८, आणि त्याची दुप्पट पुन्हा ५६. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे तुमच्या हॉलमध्ये ५६ वर दोन घुमार एकावर एक बसलेत. या संगीतात किक आणि बेस दोन्हींचा तळ ४० ते ६० च्या पट्ट्यातच असतो. म्हणून ठरावीक सुरावर खोली घुमते.

मधोमध बेस पातळ का? ४७ चा घुमार भिंतींपाशी जास्त आणि रुंदीच्या मध्यरेषेवर जवळजवळ शून्य. आणि तो जागा होतोय कारण तुमचे स्पीकर वाकडेतिकडे आहेत. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवले तर बेस दोन्हीकडून सारखाच ढकलला जातो आणि ४७ चा घुमार उभाच राहत नाही. तेव्हा दार अडलं तरी चालेल, पण कोपऱ्यातला स्पीकर बाहेर काढा. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतीपासून ३ फूट, म्हणजे एकमेकांपासून ६ फूट. मागच्या भिंतीपासून ५ फूट पुढे. हे ५ फूट मुद्दाम आहेत: लांबीच्या चौथ्या हिश्शावर ठेवलेला स्पीकर लांबीचा ५६ वाला घुमार फारसा जागवत नाही. उंचीचा ५६ राहतो, त्यासाठी मिक्सरवर किंवा लॅपटॉपच्या इक्वलायझरवर ५६ हर्ट्झला अरुंद पट्ट्यात ४ ते ५ डेसिबल कमी करा. कमीच करा. मधोमध बेस पातळ लागतो म्हणून कुठलाही पट्टा वाढवू नका. खोली खाते तो सूर कितीही वाढवला तरी खाल्लाच जातो, नुसता स्पीकर दमतो.

खुर्च्या काढून टाका आणि सतरंज्यांवर भारतीय बैठक करा. फरशी झाकली जाईल आणि वीस माणसं १५ फुटांत आरामात मावतील. माणसांचे कान खाली जातील, म्हणून स्पीकरचं तोंड किंचित खाली झुकवा. शेवटची रांग मागच्या भिंतीपासून निदान २ फूट पुढे ठेवा. बाजूच्या भिंतींवर, स्पीकर आणि पहिल्या रांगेच्या मधल्या भागात, जाड घोंगड्या भिंतीपासून चार बोटं सुट्या टांगा. घोंगडीने ५६ चा घुमार हलणार नाही, तेवढ्या लांब लाटेपुढे ती कागदासारखी आहे. पण टाळीचा जो खणखणीत प्रतिध्वनी येतो तो मरेल. आणि इथे तेच फार महत्त्वाचं आहे. १४५ च्या वेगाला सोळाव्या भागाचा एक सूर १०३ मिलिसेकंदांचा असतो. मोकळ्या फरशीच्या खोलीत आवाज सेकंदभर रेंगाळला तर दहा सूर एकमेकांवर पडतात. तुम्हाला गोंगाट ऐकू आला तो हाच.

रिकाम्या हॉलमधल्या चाचणीवर फार जाऊ नका. वीस माणसांचे कपडेच बराच प्रतिध्वनी पितात.

चकती_पुसणारा

ब्लूटूथ बंद करा, तार लावा. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवला जातो आणि वरच्या पट्टीतल्या झांजा आणि आम्लधारी सुरांची धार बोथट होते. साध्या संगीतात चालून जातं, इथे चार थर एकत्र असल्यामुळे लगेच जाणवतं. मोबाइलमध्ये क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं), आवाज समान करण्याची सोय आणि बेस बूस्ट या तिन्ही गोष्टी बंद आहेत ना, तेही बघा.

सीडी अडकते ती बहुतेक बोटांच्या चिकटाने किंवा दमटपणाने. मऊ सुती कापड, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल कधीच नाही. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच पडतो आणि लांबलचक तुकडा गिळतो. आडवा ओरखडा मात्र चुका भरून काढणारी यंत्रणा सहज पार करते. मग ती थेट वाजवू नका. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारख्या प्रणालीने सुरक्षित पद्धतीत उतरवा आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा. खराब जागा ती पुन्हा पुन्हा वाचते आणि शेवटी इतरांच्या प्रतीशी ताळा जुळतो का तेही सांगते. ताळा जुळला तर प्रत निर्दोष.

दुसरीकडून फाइल मिळाली तर ऑडॅसिटी या प्रणालीत उघडून वर्णपट (स्पेक्ट्रोग्राम) बघा. १६ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसली तर ती बहुधा १२८ केबीपीएसची, म्हणजे खूप दाबलेली, एमपी३ आहे, नाव फ्लॅक असलं तरी.

सकाळचा_भैरव

भावा, आपल्या लोकांना हे जड जाईल असं मला अजिबात वाटत नाही. या संगीतात बेस कित्येक मिनिटं एकाच सुरावर उभा असतो. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलत नाहीत म्हणून ते कंटाळवाणं वाटतं. तानपुऱ्याचा षड्ज कानात मुरलेल्या माणसाला त्यात वावगं काहीच नाही. गोवा ट्रान्समध्ये फ्रिजियन सुरावट सारखी येते, आणि फ्रिजियन म्हणजे आपला भैरवी थाट: रे, ग, ध, नी कोमल. सोळा पायऱ्यांचं आवर्तन आपल्याला तीनतालापासून ठाऊक आहे. देवल क्लबात बसून, अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतल्या पेचदार ताना ऐकत मोठं झालेलं हे गाव आहे. एकात एक गुंतलेली सुरावट सोडवायची सवय इथल्या कानाला आहेच.

फक्त राग शोधायला बसू नका. आरोह-अवरोहाचे नियम, वादी-संवादी इथे नाहीत. सूर तेच, व्याकरण वेगळं. पाहुण्यांना एवढंच सांगा की खालचा षड्ज धरून ठेवा आणि वर काय फिरतंय ते बघा.

दाजीपूर_धुकं

माझं मत थोडं वेगळं आहे. अल्बम मला मनापासून आवडतो, पण सलग नको. तासाच्या वर लांबी आहे आणि दाटपणा शेवटपर्यंत उतरत नाही. चौथ्या-पाचव्या ट्रॅकपर्यंत नवख्याचा कान थकतो आणि थकलेल्या कानाला पुढचा उत्तम ट्रॅकही मागच्यासारखाच लागतो. हॅल्युसिनोजेनच्या 'ट्विस्टेड'मध्ये (१९९५) सुरांमध्ये मोकळी जागा जास्त आहे. ॲस्ट्रल प्रोजेक्शनचा 'डान्सिंग गॅलेक्सी' (१९९७) सुरेल आहे, गुणगुणता येतो. 'आय.एफ.ओ.'त ती सवलत नाही.

तरी कृत्तिकांची बैठक आहे, तेव्हा अल्बम हाच ठेवा. तीन ट्रॅक घ्या: अल्सायोनी, माइया, इलेक्ट्रा. प्रत्येकानंतर दोन मिनिटं पूर्ण शांतता. आणि प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत वाजवा. लांबलेली सुरुवात कापायचा मोह होईल, पण तिला कारण आहे. गोव्यात उन्हाने रेकॉर्ड वाकायच्या, म्हणून डीजे डॅट या डिजिटल टेपवर वाजवायचे. डॅटचा वेग कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठोके जुळवता येत नसत. त्यामुळे एका गाण्याचा ठोका नसलेला शेवट दुसऱ्याच्या ठोका नसलेल्या सुरुवातीवर सोडायचा, अशीच रीत पडली. ती सुरुवात कापली तर पुढे थर चढतात त्याची उंचीच कळत नाही.

तीनशेतीन

दाजीपूर_धुकं, तीन ट्रॅक आणि मधली शांतता, मान्य. क्रमही तुम्ही म्हणता तोच. पण मी मधल्या ट्रॅकला लोकांना एक काम देईन: निम्म्यांनी फक्त बेस ऐकायचा, निम्म्यांनी फक्त सर्वांत वरची सुरावट. नंतर विचारा कोणाला काय दिसलं. दोन गट दोन वेगळी गाणी ऐकल्यासारखं बोलतात.

आवाज मधल्या रांगेत ८५ डेसिबलच्या आसपास ठेवा. ८५ ला कानाला धोका न होता आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. ९४ ला तासभरच. ७० च्या खाली गेलात तर किकचा तळ कानाला लागत नाही आणि नुसती किरकिर उरते.

मसाई_पठार

आकाशाकडचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जानेवारीच्या मध्यात कोल्हापुरातून कृत्तिका रात्री पावणेनऊच्या सुमारास माथ्यावर येतात. आपला अक्षांश १६.७, त्यांची क्रांती (आकाशातला अक्षांश) २४ उत्तर, म्हणजे ऐन डोक्यावरून उत्तरेला फक्त सात अंश. मान मोडेल, गच्चीवर सतरंजी टाकून झोपूनच बघा. सात वाजता संगीत सुरू केलंत तर सव्वाआठला गच्चीवर पोचाल. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढी मिळतील. गच्चीवर स्पीकर नकोच, आणि रात्री दहानंतर तर कायद्यानेही नाही.

नवख्यांना मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांवरून वायव्येकडे न्या. आधी तांबूस रोहिणी लागते, तीच रेघ पुढे नेली की कृत्तिका. साध्या डोळ्यांना सहा दिसतात. मोठ्या दुर्बिणीचा हट्ट धरू नका. पुंज जवळजवळ दोन अंश पसरलेला आहे, मोठ्या दुर्बिणीत त्याचा एखादा तुकडाच मावतो. १० बाय ५० ची द्विनेत्री सर्वांत उत्तम. सर्वांत तेजस्वी ती अल्सायोनी, जिच्या नावाचा ट्रॅक तुम्ही तासाभरापूर्वी ऐकवलेला असेल. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे ४४० वर्षं प्रवास करून पोचलेला असतो, हे त्या क्षणी सांगा.

रंकाळा_वारा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पीकर सांगितल्याप्रमाणे मांडले, ५६ ला ४ डेसिबल कमी केले. किक आणि बेस वेगळे झाले. चार घोंगड्या टांगल्यावर वरची सुरावटही सुटी झाली. सीडी पुसून उतरवली, ताळा जुळला.

एकच राहिलं. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक गुणगुण येते. आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल का?

भिंतीचा_घुमार

गुणगुण चार्जरच्या अर्थिंगची आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर काढूनच वाजवा, तासभर सहज चालतो. नाहीतर लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण न पकडणारी) वापरा. स्पीकरची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तरच. स्क्वेअर वेव्हवाल्यावर स्पीकर भुणभुणतात आणि या संगीतातल्या ठोका नसलेल्या सुरुवाती त्यातच बुडतील. तसा असेल तर लाइट येईपर्यंत थांबा, आणि ट्रॅक पुन्हा पहिल्यापासून लावा.